नैराश्याची गोळी आणि घटलेले सोडियम

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. वडील गेल्यापासून तिचे जेवण आणि झोप दोन्ही तुटले, गोदाघाटावर जाणेही तिने सोडले, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम सुरू केले. पहिल्या आठवड्यात मळमळ झाली. आता दोन आठवडे होत आले असून डोके दुखते, चालताना तोल जातो आणि काल तिला वारही सांगता आला नाही. रक्तदाबाची गोळी ती अनेक वर्षे घेते. मामा म्हणतात, या गोळ्या डोके बधिर करतात, बंद करा. काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मळमळ, पातळ शौचास होणे, अस्वस्थता आणि झोप उडणे हे या गोळ्यांचे सुरुवातीचे त्रास बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतात, गुण दिसायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तोल जाणे आणि गोंधळणे यांच्याबाबतीत वाट पाहू नये. आईंना आजच डॉक्टरांकडे न्या आणि रक्तातील सोडियम तपासून घ्या. झोपेची गुंगी वाढली, झटका आला किंवा त्या पडल्या, तर थेट रुग्णालय गाठा.

या गटातील गोळ्यांमुळे काही जणांच्या, विशेषतः वृद्ध स्त्रियांच्या, शरीरात पाणी साठून राहते आणि रक्तातील सोडियम घटते. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल, तर हा धोका आणखी वाढतो. त्या गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू पाहा. ठळक नावाखाली बारीक अक्षरांत ‘हायड्रोक्लोरोथायझाइड’ किंवा ‘क्लोरथॅलिडोन’ लिहिलेले असेल, तर ते हेच औषध. सोडियम साधारणपणे १३५ ते १४५ असावे लागते. ते घटल्याच्या शंकेने घरी मीठ-पाणी किंवा सरबत पाजत बसू नका. अशा वेळी जास्तीच्या पाण्याने सोडियम आणखी उतरू शकते.

मामांची काळजी रास्त आहे, परंतु निर्णय त्यांच्या सांगण्यावरून नको. पुढची गोळी देण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून ही लक्षणे सांगा. सोडियम खरोखर कमी आढळले, तर ते ही गोळी थांबवून हा धोका कमी असलेले दुसरे औषध देऊ शकतील. नैराश्य उपचाराविना सोडून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. एरवी, काही महिने घेतलेली गोळी एकदम तोडल्यास चक्कर, झिणझिण्या आणि चिडचिड होते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने कमी करतात.

माझे स्पष्ट मत आहे की, लघवी वाढवणारे औषध घेणाऱ्या वृद्धांना ही गोळी देताना सोडियमची तपासणी पहिल्याच चिठ्ठीवर लिहिली जावी. लिहिलेली नसेल, तर नातेवाइकांनी न संकोचता विचारावे. मात्राही विचारा: पासष्टीनंतर एस्सिटालोप्राम सहसा दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, कारण हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. जाताना घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून न्या. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेली आयबुप्रोफेनसारखी गोळी किंवा ॲस्पिरिन एस्सिटालोप्रामच्या जोडीने घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ट्रामाडॉल तर या गोळीसोबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नये. आईंच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याचा सूर आला, तर त्यांना एकटे सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते.