पोस्टातली ठेव मोडून गॅलापागोसला जावं का?

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आहे. वय 64, पत्नीचं 61. पेन्शन 42 हजार. दोघांच्या नावे निम्मेनिम्मे मिळून इक्विटी फंडांत 38 लाख. पोस्टाच्या सीनियर सिटिझन योजनेत 8.2 टक्क्यांनी 15 लाख, त्याला वीस महिने झालेत. सोळा प्रवाशांच्या जहाजावरून गॅलापागोसची (प्रशांत महासागरातल्या इक्वेडोरच्या बेटांची) आठ दिवसांची सफर करायची आहे. विमानभाडं धरून दोघांचे 14 लाख. 'पोस्टातलं खातं बंद करू, की मुदत संपेपर्यंत थांबू?'

सर, खातं मोडू नका. आणि थांबूही नका.

आत्ता बंद केलंत तर दीड टक्का, म्हणजे 22,500 रुपये कापले जातील. ते एकदाच जातील. पण दर तिमाहीला येणारे 30,750 कायमचे थांबतील, आणि तुमच्याच हिशेबात किराणा आणि औषधं त्यातूनच भागतात.

थांबू नका म्हणतो ते गुडघ्यांसाठी. एस्पान्योला बेटावरचा एक दिवस घ्या. सकाळी लहान रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरायचं, मग पुंता सुआरेझची खडकाळ वाट. निळ्या पायांचे बूबी पक्षी वाटेतच घरटं करून बसलेले. दुपारी गार्डनर बेची पांढरी वाळू आणि तिच्यावर पसरलेले समुद्रसिंह. तिथे कितीदा तरी गुडघाभर पाण्यात उडी मारून उतरावं लागतं. हे 64 व्या वर्षी जमेल. 68 व्या वर्षीचं मी छातीठोक सांगू शकत नाही.

सान क्रिस्तोबाल बेटावर हॉटेलात राहून दिवसाच्या बोटीनंही एस्पान्योला होतं, आणि खर्च बराच कमी येतो. पण जाण्यायेण्यातच तासन् तास बोटीचे हादरे बसतात. तुमची ऐपत आहे, जहाजच घ्या.

पैसे फंडांतून काढा, पण एकदम नाही. सफरीसाठी लागतील त्यातले निम्मे युनिट मार्चमध्ये, निम्मे एप्रिलमध्ये, दोघांच्या नावांतून सारखे विका. वर्षाला प्रत्येकी सव्वा लाखाचा दीर्घकालीन नफा करमुक्त असतो. दोन आर्थिक वर्षं मिळून पाच लाख सुटतात. नफा सात लाख धरला तर कर 56 हजारांऐवजी सुमारे 25 हजार. मार्चच्या पैशांतून आगाऊ रक्कम, एप्रिलच्या पैशांतून उरलेली. एजंट टीसीएस (पैसे घेतानाच वसूल होणारा आगाऊ कर) लावेल. तो खर्चात धरू नका, रिटर्न भरताना वळता होतो.

तारीख जुलै ते नोव्हेंबरमधली घ्या. पाणी गार असतं, पण एप्रिल ते डिसेंबर याच काळात एस्पान्योलावर अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी असतात. आजारी पडल्यास तिथून हलवण्याचा खर्च देणारा विमा मात्र हवाच, कारण इक्वेडोरची मुख्य भूमी सुमारे हजार किलोमीटर दूर आहे.

आगाऊ रक्कम भरण्याआधी एजंटकडून दोन गोष्टी लेखी घ्या. गॅलापागोस राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क (ऑगस्ट 2024 पासून परदेशी प्रौढांना 200 डॉलर) आणि 20 डॉलरचं ट्रान्झिट कार्ड (बेटांवर जाण्याचा परवाना), दोघांचे मिळून 440 डॉलर, त्या 14 लाखांत आहेत का? आणि तुमच्या तारखेच्या मार्गात एस्पान्योला आहे का? एकच जहाज दर आठवड्याला वेगळ्या बेटांवर जातं.