भांग चढायला इतका वेळ का लागतो? आणि लघवीच्या तपासणीत किती दिवस दिसते?

वेळ लागतो कारण ती पोटातून लिव्हरमार्गे जाते. गांजाचा धूर फुफ्फुसातून मिनिटा-दोन मिनिटांत डोक्यात. भांगेला अर्धा तास, कधी दोन तासही. एवढं न कळल्यानं माझी एक शिवरात्र वाया गेली.

फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मामांसोबत सालबर्डीला गेलो, भुयारातल्या महादेवाचं दर्शन घेतलं, संध्याकाळी त्यांच्या संत्र्याच्या वाडीत आलो. गडव्यात ठंडाई तयारच होती. एक पेला घेतला. पाऊण तास काहीच नाही. मामा म्हणाले, "काहून रे, शिकल्या पोट्ट्याले चढत नाई का?" मग दुसरा लावला.

तासाभरानं दोन्ही पेले एकदम आले. साबुदाण्याची उसळ पुढ्यात घेऊन मी एकेक दाणा मोजत होतो आणि दर वेळी चारवर अडकत होतो. तोंड कोरडं, छातीत धडधड, आपण मेलो याची खात्री. मामांनी रात्रभर लिंबू पिळून पाजलं. पहाटे उतरली. तेव्हापासून प्रत्येक लग्नात तेच, "भाच्याले म्या लिंबानं वाचवलं."

लिंबानं टीएचसी, म्हणजे भांगेतलं नशा आणणारं द्रव्य, तुटत नसतं. पाणी पोटात गेलं, तेवढाच फायदा. पोटातलं टीएचसी आधी लिव्हरमध्ये जातं आणि सीवायपी२सी९ हे एन्झाइम त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं. लोक समजतात लिव्हर विष मारतं; इथं ते जे बनवतं ते मेंदूत आणखी सहज शिरतं. नंतर तेच लिव्हर त्याचं कार्बॉक्सी-टीएचसी करतं. त्यात नशा नाही. मला पहाटे उतरवलं ते यानं.

लघवीत शोधतात तेही हेच. टीएचसी चरबीत मुरतं (दूध-बदामासोबत तर शोषलंही जास्त जातं), म्हणून एखाद्या वेळी पिणाऱ्याचं काही दिवस, रोजवाल्याचं महिनाभरसुद्धा दिसतं. नोकरीच्या भरतीची तपासणी असेल तर पिऊच नको.

आणि हो, रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर अजिबात नाही. तिलाही तेच एन्झाइम मोडतं; भांगेनं ते अडलं की औषध अंगात साचून रक्तस्राव होऊ शकतो. व्हॉल्व्ह बदलल्यापासून मामांना तीच गोळी आहे, माझ्याच मेडिकलमधून जाते. यंदा शिवरात्रीआधी पाकीट हातात देताना हे सगळं सांगितलं.

"मंग काय झालं," मामा म्हणाले, "वरून लिंबू घेऊन घेईन."