एलएलझेडओ पेलेट आणि लिथियम यांच्यामधला रोध कमी कसा करायचा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: टँटलम घातलेल्या एलएलझेडओचं (लिथियम-लॅन्थॅनम-झिर्कोनियम ऑक्साइड, घन बॅटरीत लिथियम आयन वाहून नेणारा सिरॅमिक पदार्थ) पेलेट, म्हणजे दाबून केलेली चकती, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या कॉलेजात भाजता, तिथेच घासून गुळगुळीत करता, झिपच्या पिशवीत घालून एसटीनं नागपूरला नेता आणि तिथल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये (हवाबंद, कोरड्या वायूच्या पेटीत) लिथियम लावता. इंटरफेसचा, म्हणजे दोघांच्या सांध्याचा, रोध कधी २००० ओहम येतो, कधी एकूणच १०० च्या आसपास. चार-पाच चार्ज-डिस्चार्ज सायकलींत सेल संपतो. एएलडीचं (अणूंचे थर एकेक करून चढवण्याचं) यंत्र नाही, मग कोटिंग कसं करायचं?

कोटिंगचं नंतर बघू. आधी तो १०० चा आकडा, कारण त्यावर खूश व्हाल. तुमचं पेलेट १ मिमी जाड, लिथियमची चकती ८ मिमी व्यासाची, म्हणजे क्षेत्रफळ ०.५ चौ. सेंमी. वाहकता ०.५ मिलिसीमेन्स प्रति सेंमी धरली तर नुसत्या पेलेटचाच रोध ४०० ओहम भरतो. एकूण रोध त्याच्याही खूप खाली गेला, तर लिथियम पेलेटमधून आरपार गेलंय. तो शॉर्ट आहे, सुधारणा नाही. २००० चा आकडा मात्र खरा दिसतो. दोन्ही बाजूंना लिथियम असल्यामुळे त्याला क्षेत्रफळानं गुणून २ नं भागायचं: ५०० ओहम-चौ. सेंमी. चांगल्या साफ पृष्ठभागावर हाच आकडा एक अंकी येऊ शकतो. आणि प्रत्येक मोजणीशेजारी खोलीचं तापमान लिहा. आपल्याकडे डिसेंबरात १५ अंशांना मोजलेलं पेलेट मे महिन्यात ४२ अंशांना मोजलं, तर रोध जवळजवळ एक तृतीयांश दिसतो, काहीही न करता.

आता मूळ दुखणं: तो एसटीचा प्रवास. एलएलझेडओ हवेतली ओल घेतं. आतलं लिथियम बाहेर येतं, त्याच्या जागी प्रोटॉन शिरतो. बाहेर आलेल्या लिथियमचं आधी हायड्रॉक्साइड होतं, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट. ताजं घासलेलं पेलेट ऑगस्टच्या हवेत काही तास राहिलं की घासण्याची मेहनत वाया. झिपची पिशवी ओल अडवत नाही. कार्बोनेटच्या थरावर लिथियम चिकटत नाही. चुन्याचे पोपडे न खरवडता त्यावरच गिलावा मारावा, तसा प्रकार. जिथे जिथे टेकतं तेवढ्याच ठिपक्यांतून सगळा करंट जातो, तिथे तो दाटतो, आणि तिथूनच लिथियम भेगांत घुसतं.

म्हणून भाजलेलं पेलेट न घासताच न्या आणि शेवटचं घासणं ग्लोव्ह बॉक्समध्येच, कोरडं करा: ४००, ८००, १२००, २००० नंबरचा पॉलिश पेपर. पाणी अजिबात नको. मग आर्गॉनमध्येच ४०० ते ५०० अंशांवर ३ तास तापवा. पेलेटखाली त्याच पदार्थाची पूड, भांडं मॅग्नेशियाचं (मॅग्नेशियम ऑक्साइडचं). ही उष्णता उरलेला पातळ थर आणि हायड्रॉक्साइड घालवते. जाड कार्बोनेट तिनं जात नाही, ते घासूनच काढायचं. ते जाळायला तापमान वाढवत बसलात तर लिथियम उडतं आणि एक्सआरडीत (क्ष-किरण तपासणीत) २८.६ अंशांजवळ लॅन्थॅनम झिर्कोनेटचं, म्हणजे बिघडलेल्या एलएलझेडओचं, शिखर उगवतं. भट्टी ग्लोव्ह बॉक्सच्या बाहेर ट्यूबची असेल आणि मध्येच लाइन गेली, तर आर्गॉन बंद करू नका. ट्यूब थंड होताना आतला वायू आकसतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. गार झाली की पुन्हा घासण्यापासून सुरुवात.

पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात अर्धा मिनिट बुडवून अल्कोहोलनं धुण्याची रीतही आहे. मला ती नवख्या हातासाठी पटत नाही. जरा जास्त झालं की आम्ल पेलेटच खातं.

कोटिंगला एएलडी लागतंच असं नाही. एसईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) नमुने धातूनं मढवायचं स्पटर यंत्र कुठे मिळालं तर सोन्याचा दहा-वीस नॅनोमीटरचा थर पुरतो, सोनं लिथियमशी मिश्रधातू करतं. तेही नसेल तर सहा-बी पेन्सिल. खरंच. मऊ पेन्सिलीत ग्रॅफाइट जास्त, माती कमी. साफ पेलेटवर समान घासा, वर लिथियमची चकती ठेवून ते वितळेपर्यंत तापवा (वितळबिंदू १८०.५ अंश, मी २५० पर्यंत नेईन). लिथियम शिरलेलं ग्रॅफाइट सोनेरी होतं. चकतीच्या कडेला तो रंग आला की पकडलं समजा. ग्लोव्ह बॉक्स आर्गॉनचाच हवा. नायट्रोजनमध्ये लिथियम काळं पडतं. आग लागली तर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नको. ग्रॅफाइटची कोरडी पूड जवळ ठेवा.

इतकं करूनही सेल मरत असेल तर दाब बघा. लिथियम एका बाजूनं निघून जातं तेव्हा मागे पोकळ्या राहतात. ०.५ चौ. सेंमीवर २ मेगापास्कल म्हणजे सुमारे १० किलोचं वजन, एवढं स्प्रिंगनं द्या. नुसतं आवळत सुटू नका. सल्फाइडच्या (गंधकयुक्त घन इलेक्ट्रोलाइटच्या) पेलेटवर ७५ मेगापास्कलला सायकल न करताच लिथियम आरपार गेलेलं आहे. करंट ०.०५ मिलिअँपिअर प्रति चौ. सेंमीपासून, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी वाढवा. व्होल्टेज हळूहळू चढत गेलं तर पोकळ्या, धाडकन पडलं तर शॉर्ट.

रसायन बदलायच्या फंदात आत्ता पडू नका. एलएटीपी (लिथियम-अ‍ॅल्युमिनियम-टायटॅनियम फॉस्फेट) या दुसऱ्या घन इलेक्ट्रोलाइटमधलं टायटॅनियम लिथियमला टेकताच क्षपित होऊन काळं पडतं, आणि सल्फाइड तुमच्याकडच्या पावसाळ्यात उघडलं तर हायड्रोजन सल्फाइडचा वास सुटेल.

पुढच्या फेरीला एकाच भट्टीतली दोन पेलेटं न्या: एक गावी घासलेलं, एक न घासलेलं. दुसरं तिथे घासा, बाकी सगळं दोघांना सारखं. दोन्हींच्या रोध-मोजणीत (इम्पीडन्समध्ये) येणारी अर्धवर्तुळं एकाच आलेखावर काढा.