पायाची आग अन् तुळजापूरची पायी वारी

प्रश्न : वय ५८, सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर चादरी विणण्यात जिंदगी गेली, शुगर आहे. रात्री तळपायाची आग होते, चादरीचं टोक लागलं तरी सहन होत नाही. नसांच्या दुखण्याची प्रिगॅबालिन गोळी चालू आहे पण सकाळी गुंगी राहते म्हणून मी ती मधूनच सोडतो. शेजारी म्हणतात एक आयुर्वेदिक भस्म घे, गरम पाण्यात पाय बुडव. कोजागरीला अनवाणी तुळजापूरला जायचंय, जाऊ का?

उत्तर : काका, आधी गोळीचं. ती अशी धर-सोड करू नका, अचानक बंद केली की झोप उडते, घाम फुटतो, दुखणं परत उसळतं, त्यापेक्षा डॉक्टरांना गुंगीचं सांगा, डोस कमी करता येतो नाहीतर ड्युलोक्सेटिनसारखं दुसरं औषध असतंय. शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी१२ जीवनसत्त्व तपासाच, ते कमी झालं तरी पायाची अशीच आग होते, मुंग्या येतात आणि आपण सगळं शुगरच्या माथी मारतो.

तेल हलक्या हाताने लावा, बरं वाटलं तर चांगलंच, योगासनं करा. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलमही मिळतं, पण ते विचारून, जखमेवर अजिबात नाही (आणि तो हात डोळ्याला लावाल तर आई आठवेल!). भस्म मात्र नको. काहींत शिसं सापडलंय आणि शिशानेच नसा खराब होतात. गरम पाणीही नको, शुगरने पाय आग होत असतानाही बधिर होऊ शकतो, मग चटका कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो.

तुळजापूर ४५ किमीच्या आसपास, तेही अनवाणी? नाही काका. यंदा एसटीने जा, पायात मऊ बूट घाला, आई काही रागावणार नाही.