वाचकांचे प्रश्न : फॉन्ड्यू का फाटतं?

प्रश्न : फॉन्ड्यू (वाइनमध्ये वितळवलेलं चीज, त्यात काट्याला टोचलेला पाव बुडवून खातात) करताना चीजचा रबरी गोळा होतो आणि वाइन वेगळी राहते. काय चुकतं? आणि हा पदार्थ मूळचा आल्प्समधल्या गुराख्यांचाच ना?

उत्तर : बहुतेक वेळा आच चुकते. चीज उकळलं की प्रथिनं आक्रसतात, एकमेकांना चिकटतात आणि चरबी सुटते. चौघांसाठी ४०० ग्रॅम ग्रुयेर आणि ४०० ग्रॅम वाशरँ फ्रिबूर्ज्वा ही दोन स्विस चीज किसून त्याला ३ चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर चोळा. जाड बुडाच्या भांड्याला आतून लसूण घासा. ३०० मिली कोरडी, आंबटसर पांढरी वाइन गरम करून मंद आचेवर मूठ-मूठ चीज घाला. आधीचं विरघळल्याशिवाय पुढचं नाही. आंबटपणामुळेच प्रथिनं सैल राहतात, म्हणून गोड वाइन नको. फाटलंच, तर चमचाभर कॉर्नफ्लोअर लिंबाच्या रसात कालवून घाला आणि जोरात फेटा. प्रोसेस्ड चीज फाटत नाही हे खरं, पण मग फॉन्ड्यूचा खटाटोप कशाला?

गुराख्यांची गोष्ट गोड आहे, पुरावा मात्र शहराकडे बोट दाखवतो. वाइनमध्ये चीज शिजवण्याची कृती १६९९ मधल्या झुरिकच्या पाकपुस्तकात सापडते. फॉन्ड्यूला स्वित्झर्लंडचा ‘राष्ट्रीय पदार्थ’ केलं ते १९३०च्या दशकात स्विस चीज युनियन या तिथल्या चीज-व्यापाराच्या संघटनेच्या जाहिरातींनी. चीज खपवायचं होतं!

पाव आदल्या दिवसाचा घ्या, ताजा काट्यावरून सुटतो. तळाशी धरलेली खरपूस खरवड फेकू नका, स्वित्झर्लंडमध्ये तिच्यासाठी चढाओढ असते.