कोल्हापूरहून घाटातल्या गाड्या बघायला जायचं तर कुठे उभं राहावं?

तुमचा प्रश्न असा: राहायला कोल्हापुरात, इंजिनांचा नाद आहे, हाताशी एक दिवस आहे, दूधसागरला जावं की खंडाळ्याला, आणि रुळांजवळ कुठे थांबता येईल?

रुळांजवळ कुठेच नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय बोगद्याच्या तोंडाशी पळायला जागा नसते. प्लॅटफॉर्मवरून आणि खिडकीतून जे दिसतं ते भरपूर आहे, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

दूधसागरचा कॅसल रॉक ते कुळे हा घाट तुम्हाला जवळचा, चढही खंडाळ्याच्या बोरघाटाइतकाच, 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. पण तिथे प्रवासी गाड्या मोजक्या, आणि दूधसागरला उतरायला रेल्वेची मनाई आहे. आपल्या पुणे मार्गावर सालपे-आदर्की आणि आंबळे-शिंदवणे इथली वळणं देखणी आहेत, मात्र चढ बराच सौम्य. एकच दिवस असेल तर बोरघाट. कर्जत ते लोणावळा 28 किलोमीटर, तीन रूळमार्ग, आणि दिवसभर गाड्यांची रीघ.

37 ला 1 म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचा, डबा साधारण 24 मीटर लांब असतो, म्हणजे त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा 65 सेंटिमीटर वर. 24 डब्यांच्या गाडीचं इंजिन शेवटच्या डब्यापेक्षा साधारण 15 मीटर उंचावर असतं. गाडी हजार टनांची धरली तर नुसत्या उतारामुळे ती 27 टनांच्या जोराने मागे खेचली जाते. वॅप-7 इंजिनाची निघतानाची ओढ कोरड्या रुळावर 33 टनांच्या आसपास. हिशेब कागदावर जेमतेम बसतो. रूळ ओला झाला, वळण आलं की चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडीला ढकलणारी जादा इंजिनं, लागतात, बहुधा दोन किंवा तीन. पुढेच जास्त इंजिनं का जोडत नाहीत, असा प्रश्न हमखास येतो. सगळी ओढ पुढून दिली तर पहिल्या डब्यांच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या कडीवर, फार ताण येतो, आणि ते तुटलं तर मागचे डबे उतारावर मोकळे सुटतात. मागून रेटा असला की दोन्ही धोके टळतात.

हे सगळं बघायची जागा म्हणजे कर्जतचा प्लॅटफॉर्म. पुण्याची गाडी येऊन थांबली की पुढच्या इंजिनाकडे धावू नका, मुंबईकडच्या टोकाला जा. बँकर हळूहळू मागून येतात, डब्यापासून थोडं अंतर ठेवून थांबतात, मग झेंडीच्या इशाऱ्यावर इंच इंच पुढे. कपलिंगचे जबडे एकमेकांत बसल्याचा ‘खट्ट’ आवाज येतो आणि शेवटचा डबा किंचित हलतो. गाडी निघताना आधी ब्लोअरचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा, आवाज चढतो, चाक त्यानंतर हलतं. पुढचा भोंगा आणि मागचं उत्तर ऐकायला कान तयार ठेवा.

अप-डाउनमध्ये नवखा माणूस हटकून फसतो. मुंबईकडे जाणारी गाडी ती अप, म्हणजे इथे घाट उतरणारी गाडी ‘अप’ आणि चढणारी ‘डाउन’. उतरणाऱ्या गाड्यांकडे कुणी फारसं बघत नाही, पण खरी शिस्त तिथेच आहे. वेग ताशी 30 किलोमीटरच्या आसपास, आणि मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाडी थांबवून ब्रेक ताब्यात असल्याची खात्री करतात. तिथे कॅच सायडिंग असते, म्हणजे चढावर नेऊन सोडलेला आंधळा रूळ. रूळ बदलणारा सांधा आधीपासून त्याच बाजूला लावलेला असतो. गाडी थांबली तरच मुख्य मार्ग मिळतो, नाही थांबली तर ती चढावर जाऊन आपोआप रोखली जाते. खिडकीतून हा फाटा ओळखू येतो: मुख्य रूळ खाली जातो, तो वर.

वंदे भारत मात्र बँकरविना चढते. तिची ओढ एकाच इंजिनात नसून अनेक डब्यांखालच्या मोटारींत वाटलेली असते.

एका दिवसाचा बेत असा: रात्रीच्या महालक्ष्मीने निघून पहाटे लोणावळा. उजाडल्यावर सिंहगडने घाट उतरून कर्जत. तिथे सकाळच्या पुण्याकडच्या गाड्यांना बँकर लागताना बघा. मग मुंबईहून येणारी कोयना पकडा. तीच घाट चढवते आणि रात्री कोल्हापूरला सोडते. कोयनेत शेवटच्या डब्यांत जागा मिळाली तर उत्तम: वळणावर पुढचं इंजिन दिसतं, मागचे बँकर ऐकू येतात. वेळा बदलतात, आदल्या रात्री एनटीईएसवर, म्हणजे रेल्वेच्या गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या सेवेवर, तपासा. प्लॅटफॉर्म तिकीट दोनच तास चालतं, तेव्हा कर्जतहून पुढचं तिकीट आधीच खिशात असलेलं बरं. पिशवीत भडंग टाका. कर्जतचा वडा मिळेलच, पण रांगेत उभं राहून बँकर हुकवू नका.

पावसाळ्यात जात असाल तर मुसळधारेपेक्षा पहिली भुरभुर जास्त बघण्यासारखी. मोठा पाऊस रूळ धुऊन काढतो. भुरभुरीत धूळ-तेलाचा चिकट थर तयार होतो आणि चाकं घसरतात. अशा वेळी इंजिनाच्या चाकांपुढच्या नळीतून वाळू सुटते, ती बारकाईने बघितली तर दिसते.

वहीत पाच आकडी इंजिन क्रमांक, शेडचं नाव, वेळ आणि बँकर किती, एवढं लिहा. वॅप-7सारख्या नावातला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी विजेवर चालणारं, पी प्रवासी, जी माल. बँकर बहुतेक ‘जी’वाले असतात. फोटोला चढणीवर 1/250 शटर पुरतं, मोबाइलवर एक्सपोजर आधी आकाशावर लॉक करा, नाहीतर हेडलाइट सगळं पांढरं करून टाकतो. फ्लॅश मात्र बंदच. लोको पायलटच्या डोळ्यांवर थेट जातो.