हौशी नाट्यसंस्थेने पर्यावरणपूरक व्हायचं तर सुरुवात कुठून करावी?

नेपथ्यापासून. स्टीलच्या बाटल्या वगैरे ठीक आहे, पण खरा कचरा प्रयोग संपल्यावर रात्री बारा वाजता टेम्पोत भरला जातो. खिळे ठोकून केलेला सेट उतरवताना प्लायवूड फुटतं आणि मग सरळ भंगारात जातं. त्याऐवजी फ्लॅट (भिंतीसाठीच्या उभ्या चौकटी) आणि लेव्हल (उंचीसाठीचे चौथरे) ठरावीक मापाच्या करा, उदाहरणार्थ 4 बाय 8 फूट, आणि नट-बोल्टने जोडा. चौकटीवर मांजरपाट ताणलं की पुढच्या नाटकाला त्यावरच नवा रंग मारता येतो. आमचे काही फ्लॅट चार नाटकांत भिंत झालेत, एकदा तर तुरुंगसुद्धा! अडचण एकच, ठेवायला जागा. दोन-तीन संस्थांनी मिळून एखादी खोली भाड्याने घेतली तर परवडतं.

थर्माकोलचे खांब-कमानी विसरा. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे. जुनी वर्तमानपत्रं आणि खळीचा लगदा तेच काम करतो, फक्त वाळायला दोन-तीन दिवस हाताशी ठेवा.

जाहिरातीचा फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी प्लास्टिक, त्यावर पुनर्प्रक्रिया जवळपास होतच नाही. कापडी फलक रंगवून घ्या आणि तारखेची पट्टी वेगळी जोडा, म्हणजे तोच फलक दरवेळी चालतो.

दिव्यांचं म्हणाल तर जुना पार 64 (रंगमंचावरचा डब्यासारखा दिवा) एकटा 1000 वॅट खातो, एलईडी त्याच्या पाव भागाहून कमी. पण विकत घेऊ नका, प्रकाशयोजनेवाल्याकडून भाड्याने मागा.